गाडीत जागा होती

पेला तुझ्या हातातून सुटला, बाकड्यावर आपटला आणि कॉफी माझ्या पायावर सांडली. गरम होती. मी ओरडले, "विमले, नीट धर की!" तुला मी बोलले ते हे शेवटचं. तू माझ्याकडं पाहिलंच नाहीस. रस्त्याकडं बघत होतीस. तोंड पांढरं पडलेलं, कपाळावर घाम, आणि थंडी तर अशी की जब्बारभाईंनी कानाला मफलर गुंडाळला होता. मग तू बाजूला कलंडलीस, भरलेलं पोतं कलंडतं तशी. जब्बारभाईंनी तुला धरलं आणि "आपा, आपा" म्हणत राहिले. मी तुझ्या नाकाशी हात नेला. श्वास होता. वसमतच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो कुठं संपला ते आम्हाला कळलं नाही. डोकं माझ्या मांडीवर होतं, तरी कळलं नाही.

त्याच्या जरासं आधी मी तुझ्या डाव्या खांद्याला खोबरेल तेल चोळत होते आणि तू मला हसत होतीस. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुलाच सांगते.

चौकात तुझा फ्लेक्स लागला आहे. हेल्मेट घातलेला फोटो, चांगला आहे. खाली लिहिलं आहे की तू स्वतःचे प्राण देऊन एका लेकीला जीवदान दिलंस. तुझ्या रविवारच्या सायकलवाल्या मंडळींनीच लावला. मी तो उभी राहून वाचला, अक्षर अक्षर लावत, कारण माझा चष्मा तुला माहीत आहे. फोटो खरा आहे. मजकूर खोटा आहे. तू गेलीस ते कुणाला जीव देऊन नाही. तू हट्टानं गेलीस.

हे मी मनात ठेवलं असतं. मेलेल्या माणसाला थोडं मोठं केलं तर कुणाचं काय जातं? पण ती लेक नांदेडच्या दवाखान्यात पडून होती, अंजली. बँकेतल्या कारकुनाची बायको, आपल्या मंडळींत नवी आलेली. तिच्या पायात सळई घातली आहे. तो फ्लेक्स तिनं फोनवर पाहिला आणि तेव्हापासून जेवण सोडलं. डॉक्टर म्हणायचे उठून उभी राहा, नाहीतर पाय आखडेल, ती म्हणायची कशाला. भिंतीकडं तोंड करून पडून असायची. जब्बारभाई माझ्याकडं आले आणि म्हणाले, "मावशी, तुमी जावा. तुमाला गोड बोलता येत न्हाई, पन तुमचं ती ऐकंल." म्हणजे तिला काय सांगायचं ते मला ठरवायचं होतं. फ्लेक्सवरचं की माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. तिच्याकडं जायच्या आधी मी तुझ्याशी मनात खूप भांडले. ते भांडण संपलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आपण चौथीपर्यंत कुरुंद्याच्या शाळेत एका पट्टीवर बसलो. पुढं मला शेळ्या मिळाल्या आणि तुला शाळा. तुझ्या बापानं, मजुरी करणाऱ्या माणसानं, तुला शिकवलं म्हणजे शिकवलंच. तू नर्स झालीस आणि सरकारी सायकलीवर गावोगाव फिरलीस, लेकरांना सुया टोचत, बायांची पोटं दाबून बघत. मी फाट्यावर चहाचं हॉटेल टाकलं. तू तिथून जाताना थांबायचीस आणि चहाला नाक मुरडायचीस.

"काहून गं, माझ्या चहात काय पडलंय?"

"साखर पडलीय. पोतंभर."

तुला कॉफी लागायची. ती सवय नर्सिंगच्या होस्टेलातली. तुझ्या खोलीत केरळच्या दोघी होत्या, त्यांनी लावलेली. आपल्याकडं कॉफी म्हणजे उपासाला, नाहीतर डोकं दुखलं की जायफळ घालून, तीही साखरेचा पाकच. तुझी ती बिनसाखरेची कडू होती. दोन मजली पितळी भांडं, वरच्या मजल्याला भोकं, वर भुकटी घालून उकळतं पाणी ओतायचं आणि रात्रभर थेंब थेंब काढा खाली पडू द्यायचा. मी त्याला काढाच म्हणायची. तुला राग यायचा.

तू एकदाच सांगितलंस की होस्टेलात तुला पहिल्यांदा सगळ्यांसारख्याच पेल्यात, सगळ्यांबरोबर, एका वेळी प्यायला मिळालं. नोकरीत गावोगाव चहा मिळायचा, पण काही घरी तुझा कप वेगळा असायचा, आणि काही घरी सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या बुडाचा. तू तो पिऊन लेकराला सुई टोचायचीस आणि पुढच्या गावाला जायचीस. तू हे सांगितलंस तेव्हा मी चुलीत लाकूड सारलं.

रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, लेकाकडं जातात. तू गिअरची सायकल घेतलीस आणि वसमतच्या त्या रविवारच्या मंडळींत घुसलीस. दातांचा डॉक्टर, वयानं पोरगंच. जब्बारभाई, हळदीचे व्यापारी, पोट सांभाळत पॅडल मारणारे. आणखी चार-दोघे मास्तर आणि दुकानदार. आधी हे लोक सायकल चालवून आपापल्या घरी जायचे. तू त्यांना माझ्या हॉटेलवर आणलंस, तुझं पितळी भांडं माझ्या चुलीशी ठेवलंस आणि मला म्हणालीस, "शनिवारी रात्री भरून ठेवत जा."

"मी चहावाली हाय."

"रविवारी न्हाईस."

डॉक्टर सांगायचा, "मावशी, पुण्यात सायकलवाले कॉफीबिगर घरी जातच न्हाईत. सायकल आन् कॉफी, जोडीच हाय ती." मी म्हणायची, आमच्याकडं सायकल आणि दुधाची किटली ही जोडी. सायकल आणि गवताचा भारा ही जोडी. ज्याला बसचं तिकीट परवडत नाही त्यानं सायकल मारायची. आता ज्याच्या दारात मोटार उभी आहे तो घाम गाळायला सायकल मारतो आणि कडू काढा पिऊन फोटो काढतो. हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि तू मला ते शेवटपर्यंत समजावत राहिलीस.

एकदा मी विचारलं, "खरं सांग, कॉफीसाठी सायकल का सायकलसाठी कॉफी?"

तू म्हणालीस, "सायकलीवर मानूस एकटं असतं, सुभे. पुढच्याची पाठ दिसती, मागच्याचा दम ऐकू येतो, बोलता येत न्हाई. बोलायला मग कुठंतरी बसावं लागतं ना."

हे बराबर होतं, पण मी तसं म्हणाले नाही. मी म्हणाले, "मग घरीच बसून बोला की."

तुझा नियम असा होता की शेवटचं माणूस आल्याशिवाय काढ्यात दूध ओतायचं नाही. कुणी किती लवकर येवो, चुलीशी बसून दुधाकडं बघत राहायचं. आणि दुसरा नियम, ओतणाऱ्या बाईनंही बसायचं, पेला हातात घेऊन, बाकड्यावर. पहिल्या नियमाला सगळ्यांनी कुरकुर केली. दुसऱ्याला मी केली. हॉटेल काढल्यापासून मी चहा उभ्यानंच प्याले, गिऱ्हाईक सरलं की, चाळणीतला उरलासुरला. बसून प्यायचं म्हणजे मला चोरी केल्यासारखं वाटायचं. जब्बारभाई सरकून जागा करायचे, "बैठो मावशी, बाकडं तुमचंच हाय." मग मी बसायची. तुझी कॉफी मला आवडली नाही. ते बसणं आवडलं. हे तुला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू वर्षभर चिडवलं असतंस.

शेवटचं माणूस नेहमी तूच असायचीस. दमून नाही. नोकरीनं पाय लोखंडाचे केले होते तुझे. कुणी मागं पडू नये म्हणून तू मागं राहायचीस. नवीन कुणी आलं की त्याच्या मागं. त्या हिवाळ्यात ती अंजली होती.

मला तू सायकल शिकवणार होतीस. बाजारच्या मैदानात, सकाळी, कुणी नसताना. "या वयात?" मी म्हणाले. "पडले तर हॉटेल कोण बघंल?"

"पडत न्हाईस. मी मागून धरीन."

"आन् तू सोडलीस तर?"

"सोडायचीच असती कधीतरी. पन सांगून सोडीन."

मी गेले नाही. गुडघे दुखतात म्हणाले, आणि ते खरंही होतं.

त्या रविवारी धुकं होतं आणि शेतात कुठंतरी हळद शिजत होती, त्याचा वास रस्त्यावर उतरला होता. कारखान्याला ऊस चालू होता. जब्बारभाई आले, डॉक्टर आला, बाकीचे आले. तू आणि अंजली राहिला होतात. दूध चुलीवर, काढा भांड्यात, नियम नियमाच्या जागी. कुणी घाबरलं नाही, कारण तू नेहमीच शेवटी. डॉक्टर म्हणाला, "सिस्टर तिला गिअर शिकवून राहिल्या असतील." मग त्याचा फोन वाजला. तू एवढंच बोललीस, "पोरगी पडली. हाड दिसून राहिलं. गाडी बघा."

सगळे सायकलींवर उलटे फिरले, मी एका मोटारसायकलवाल्याच्या मागं बसून आले. ट्रॉलीतून सांडलेला ऊस रस्त्यावर पसरला होता. धुक्यात दिसला नाही. अंजलीचं पुढचं चाक कांड्यांवरून सटकलं, मागून तू, ब्रेक दाबलास, हँडल फिरलं आणि त्याचं टोक तुझ्या पोटात बसलं. हे मला नंतर अंजलीकडून कळलं. तू सांगितलंस ते असं, "मी बी पडले, पन लागलं न्हाई."

तू मातीत मांडी घालून बसली होतीस. तिच्या मांडीला तुझा स्कार्फ आवळून बांधला होता आणि दोन्ही हातांनी पाय धरला होता. पोरगी किंचाळत होती.

"अंजे, इकडं माझ्याकडं बघ. पायाकडं बघू नको. काल भाजी काय केली होती?"

"वांग्याची…"

"कशी? कूट घालून का खोबरं?"

"कूट… आई गं…"

"कूट. बरं. मग दाणे भाजून घेतले का कच्चेच वाटले?"

मी तिथं उभी राहून ऐकत होते आणि मला वाटलं, ही बाई वेडी आहे. पण पोरगी ओरडायची थांबली आणि दाण्यांचं सांगू लागली.

दूध घालून परतणारी एक पिकअप गाडी तू थांबवली होतीस. ड्रायव्हरनं रिकाम्या किटल्या सरकवल्या, पोत्यांवर अंजलीला झोपवलं, डॉक्टर तिच्या उशाशी बसला. पुढं ड्रायव्हरच्या शेजारची अख्खी सीट रिकामी होती. डॉक्टर म्हणाला, "सिस्टर, तुमी पुढं बसा. तुमाला बी एकदा बघून घेऊ."

"मला काय धाड भरलीय? आन् माझी सायकल कोण आणील?"

जब्बारभाई म्हणाले, "मैं लाता ना, आपा. दोनी सायकली धरून आणतो."

"तुमाला तुमची एक धरवंना, भाई."

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्यात गाडी निघून गेली.

ही सायकलची गोष्ट कुणाला सांगितली तर खरी वाटणार नाही. पण मला माहीत आहे ती कुठून आली. नोकरीत तुझी सायकल सरकारी होती. पंक्चर झाली तरी ती कुठल्या गावात ठेवायची नाहीस. ठेवली की सकाळी घंटी गेलेली, नाहीतर सीट गेलेली, आणि साहेब तुला बोलणार. म्हणून पंक्चर सायकल हातानं ढकलत तू गावंच्या गावं तुडवायचीस, अंगात ताप असला तरी. एकदा पायात काटा मोडलेला असताना ढकलत आलीस आणि माझ्या दारात काटा काढलास. सायकल सोडून यायचं असतं हे तुझ्या अंगातच नव्हतं. अंजलीची वाकडी सायकल तू बांधावर खुशाल टाकून दिलीस. आपली तेवढी उचललीस.

आपण चालत हॉटेलवर आलो. तू सायकलीवर भार टाकून चालत होतीस. मध्ये एकदा थांबलीस, हात पोटावर ठेवलास आणि लांब जांभई दिलीस.

"झोप झाली न्हाई का?"

"मांजर वरडत व्हतं रात्रभर."

बाकड्यावर बसून तू तांब्याभर पाणी प्यालीस. वर आणखी मागितलंस. मग म्हणालीस, डावा खांदा दुखून राहिला. मी म्हणाले, पडलीस ना त्याच्यावर. तू म्हणालीस, असंल. मी तेलाची बाटली आणली. जब्बारभाई म्हणाले, "मुका मार दिसतो. हळद-दूध द्या आपाला. वसमतच्या मानसानं हळद न्हाई प्यायची तर कोन पिईल?"

तू हसलीस. "तुमची हळद तुमी प्या, भाई. मला माझी कॉफी पायजे. सुभे, कॉफीत हळद घातलीस तर उठून जाईन बघ."

मुका मार म्हणजे रक्त दिसत नाही असा मार. त्याला हळद आणि तेल, हा आमच्या सगळ्या पंचक्रोशीचा इलाज. आणि तू नोकरीभर घरोघर काय सांगत फिरलीस? हळद पाजा, पण पोटावर मार असला तर आधी दवाखान्यात न्या. बायकांवर ओरडायचीस. माझ्यासमोर एका म्हाताऱ्याला बैलानं मारलं होतं तर त्याच्या सुनेच्या हातातली वाटी तू उलटी केली होतीस. त्या दिवशी तसं ओरडणारं कुणी नव्हतं. ओरडणारी बाकड्यावर बसून तेल लावून घेत होती.

डॉक्टरचा फोन आला की अंजलीला आत घेतलं, पुढं नांदेडला नेणार आहेत. तू म्हणालीस, "चला, पोचली. आता ओत दूध." मी ओतलं. सगळ्यांनी पेले घेतले. मी तुझ्या शेजारी बसले. पुढचं मी वर सांगितलं.

नंतर दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं की पोटात डावीकडं बरगडीखालची प्लीहा फुटली होती आणि आतल्या आत रक्त वाहत होतं. जरा आधी आणलं असतं तर, असं म्हणून तो थांबला. प्लीहा फुटली की कळ डाव्या खांद्यात येते, हेही त्यानं सांगितलं. तहान लागते, घाम येतो, जांभया येतात.

माझं भांडण इथं आहे, विमल. मला हे ठाऊक नव्हतं. तुला होतं का?

एक मन म्हणतं, तुला माहीत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची पोटं दाबलीस, स्वतःचं पोट तुला कळलं नसेल? वाटेत हात पोटावर ठेवून तू थांबलीस तेव्हा तुझ्या तोंडावर काहीतरी आलं होतं, मी पाहिलं. मग बोलली का नाहीस? आम्हाला घोर नको म्हणून? असं असेल तर मला तुझा फार राग आहे. दुसऱ्यांच्या हातातली वाटी उलटी करायची आणि आपल्या वेळी गप्प बसायचं, याला मी मोठेपण म्हणत नाही.

दुसरं मन म्हणतं, तुला कळलंच नाही. दुसऱ्याचं दुखणं ज्याला लगेच दिसतं त्याला आपलं दिसत नाही. तुझं सगळं लक्ष त्या पोरीच्या पायात होतं, मग सायकलीत, मग कॉफीत. असं असेल तर रागवायला कुणी उरतच नाही, आणि ते मला जास्त जड जातं.

यातलं खरं काय ते तूच सांगू शकली असतीस. पण एक गोष्ट दोन्हीकडून खरी आहे. पुढची सीट रिकामी होती.

मी नांदेडला बसनं गेले. अंजलीची सासू दारातच म्हणाली, "तो फोटो बघितल्यापासून घासभर खाल्लं न्हाई तिनं. तुमी तरी सांगा, देवानं तुला दुसरा जल्म दिला म्हनावं." मी आत गेले. पोरगी भिंतीकडं तोंड करून होती. मी खुर्ची ओढून त्याच बाजूला, भिंत आणि पलंगाच्या मध्ये बसले. जागा अडचणीची होती, गुडघे पलंगाला लागत होते.

"मावशी, माझ्यामुळं गेल्या त्या."

"कोन म्हनलं?"

"सगळेच म्हणतात. फोटोखाली लिहिलंय."

"लिहिणारा तिथं नव्हता. मी व्हते."

ती माझ्याकडं बघू लागली. मी सांगितलं, "गाडीत जागा होती. पुढची सीट मोकळी. डॉक्टर बस म्हनला, जब्बारभाई सायकल आणतो म्हनले. ती बसली न्हाई."

"काहून?"

"सायकलसाठी."

"सायकलसाठी?"

"सायकलसाठी. तुझी जागा तिनं तुला दिली न्हाई, तिची वेगळी व्हती. ती तिनं सोडली. तू तिथं नसतीस आन् ती एकटी पडली असती, तरी सायकल सोडून ती गाडीत बसली नसती. मी तिला वळखत होते."

तिला ते पटायला वेळ लागला. मग तिचा चेहरा बदलला. मला वाटलं रडेल, पण ती चिडली. "म्हणजे काय? सायकल काय उडून जाणार होती का?"

"तेच की."

"एवढ्या शिकलेल्या, नर्स! असा कसला हट्ट? मूर्खपणाच झाला की हा!"

"व्हय. मूर्खपणाच."

मग ती रडली. मोठ्यानं, रागानं, तुला नावं ठेवत. "मला त्यांच्याशी बोलायचं होतं ना, मावशी. मला विचारायचं होतं की तुम्ही ते दाण्यांचं काहून विचारत होता." सासू धावत आली आणि मला म्हणाली, "मेलेल्या बाईला असं बोलतात व्हय? लाज हाय का?" मी तिला म्हणाले, आत्ता भाकर आणा. अंजली डोळे पुसत म्हणाली, "पण पाय तर त्यांनीच धरला माझा."

"तो धरला. ते खरं. त्याचं वझं घ्यायचं असंल तर घे, ते हलकं हाय. दुसरं घेऊ नको, ते तुझं न्हाई."

तिनं अर्धी भाकर खाल्ली. मी बघितलं आणि उठले.

आता मंडळी माझ्यावर नाराज आहेत. डॉक्टर बोलत नाही. जब्बारभाई बोलले, पण मान खाली घालून. "थोडं झाकायचं असतं, मावशी. आपाचं नाव मोठं होत होतं." त्यांचंही चूक नाही. त्यांनी आपल्या पैशानं फ्लेक्स लावला, रडले, आणि मी जाऊन सांगितलं की त्यांची सिस्टर सायकलपायी मेली. तुझं नाव मी लहान केलं. तुला वाईट वाटलं असेल तर वाटू दे. तू गप्प राहिलीस, मी राहिले नाही.

तुझी आठवण कशी येते ते मी लिहिणार नाही. येते. रविवारी सकाळी फाट्यावर सायकलीची घंटी वाजली की मी हातातलं टाकून बाहेर बघते, आणि कुणी दूधवाला असतो. बाकी काम चालू आहे. हॉटेल उघडते, चहा करते, उभ्यानं पिते.

अंजलीच्या नवऱ्याचा फोन आला होता. ती उठली. आधी पलंगाची कड धरून, मग वॉकर धरून, दारापर्यंत गेली. परत येताना शिव्या देत होती म्हणे. कुणाला ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्या उसाच्या कांड्यांवर तुम्ही दोघी पडलात. अंजली जगली.